बिराजदार सर आणि नव्या कॉम्प्युटरची परवानगी

किस्से जमवायला कुठं जावं लागत नाही. शाळेत एक नवी वस्तू येऊ द्या फक्त! नवी घंटा आणली तरी ती कुणी वाजवायची यावरून महिनाभराची सोय होते. आमच्या मुरूमच्या शाळेत तर एकदम नवे कॉम्प्युटरच आले. तेव्हापासून माझ्याकडं इतके किस्से साठलेत की शेजारणीला भाजी निवडताना सांगते, नवऱ्याला जेवताना सांगते, तरी राग काही उतरत नाही. म्हणून आता तुमची पाळी.

आधी माझी ओळख. मी भूगोल शिकवते. पण शाळेची कॉम्प्युटर इन्चार्जही मीच. का? तर माझ्या नवऱ्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे! हीच माझी पात्रता. या न्यायानं ज्यांच्या घरी पिठाची गिरणी आहे त्यांना पोषण आहार द्यावा, आणि ज्यांच्या मेहुण्याचा बँड आहे त्यांना संगीत. हे मी हेडसरांना तोंडावर बोलून दाखवलं.

हेडसर म्हणाले, "बँडवाला मेव्हणा कुणाचा हाय? गॅदरिंगला लागतोय."

असे आमचे हेडसर!

आता बिराजदार सरांविषयी. ते इतिहास शिकवतात. कॉलेजात असताना त्यांची दृष्टी गेली, पण त्यांच्या तासाला पोरं खिडकीबाहेर बघत नाहीत. जुन्या कॉम्प्युटरवर त्यांनी एक बोलणारं सॉफ्टवेअर टाकून घेतलं होतं. स्क्रीनवरचं मराठी ते वाचून दाखवायचं, टाइप केलेलं अक्षर बोलायचं. त्याच्या जोरावर सर आपला पेपर आपण काढायचे. ना कुणाला लिहून मागायचे, ना कुणाला वाचून मागायचे. त्यांना या गोष्टीचा किती अभिमान होता ते मला माहीत आहे, कारण पाकिटात पेपर घालून ते चिकटवताना ते शीळ वाजवायचे.

पुढचं सगळं रामायण त्या पेपरावरूनच झालं.

*

धाराशिवहून एजन्सीचा इंजिनिअर टेम्पोबरोबर आला. हेडसरांनी नारळ फोडला. प्रत्येक कॉम्प्युटरला हळद-कुंकू लावलं. हळद पेनड्राइव्हच्या फटीत गेली, तेव्हा इंजिनिअर कळवळून म्हणाला, "सर, तिथं नको!"

"ती फट कशाला हाय मग?" हेडसर म्हणाले.

"ती तशी बंदच ठेवलीय आम्ही. पेनड्राइव्ह चालणार नाही."

"मग हळद गेली तर बिघडलं कुठं?"

नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकून झाली आणि त्याच टेम्पोत जुनी मशीन भरून गेलीसुद्धा. बिराजदार सर तेव्हा वर्गावर होते. तास संपवून लॅबमध्ये आले, नेहमीच्या खुर्चीत बसले आणि कीबोर्डवर बोटं ठेवली. बोटं तिथंच थांबली.

"मॅडम, माझं मशीन कुठं गेलं ओ?"

"टेम्पोत गेलं, सर," मी म्हटलं. त्यांना विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्याही नाही.

नव्या मशीनमध्ये एक आतला आवाज होता, पण तो इंग्रजी. मराठी अक्षर आलं की मौनव्रत! मी लगेच मराठी आवाजाची फाइल इंटरनेटवरून उतरवली, डेस्कटॉपवर ठेवली, क्लिक केलं. चौकट आली: यासाठी ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी लागेल, पासवर्ड टाका.

मी हेडसरांना बोलावलं. ते हसत आले. "ॲडमिनिस्ट्रेटर म्हंजे मीच की! शाळेत दुसरं कोण हाय?" त्यांनी एका बोटानं स्वतःचं पूर्ण नाव टाइप केलं, वडिलांच्या नावासकट. मशीननं नाकारलं. पुढं पदवी जोडली. तेही नाकारलं. हेडसरांचा चेहरा लाल झाला.

"माझ्या शाळंत मलाच परवानगी न्हाय? हे मशीन बसवायला परवानगी कुणी दिली?"

"तुम्हीच, सर," मी म्हटलं.

*

मी इंजिनिअरला फोन लावला. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्टाफरूममध्ये स्पीकरवर टाकला.

"ॲडमिनचा पासवर्ड हवाय."

"तो देता येत नाही, मॅडम. पॉलिसी आहे."

"कसली पॉलिसी?"

"सिक्युरिटीची."

"सिक्युरिटी कुणापासून?"

तो प्रामाणिकपणे म्हणाला, "युजरपासून, मॅडम."

म्हणजे बघा! घर आमचं, दार आमचं आणि किल्ली ह्याच्या खिशात. का? तर घरमालक घरात शिरेल म्हणून! मी त्याला बरंच काही बोलले. काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही, मी शिक्षिका आहे.

बिराजदार सर मात्र कोपऱ्यातून शांतपणे म्हणाले, "त्यान्ला सांगा, युजर आंधळा हाय. घाबरू नका म्हणावं. चोरी करायला निघालो तर आधी तुमालाच रस्ता विचारीन."

*

इंजिनिअर म्हणाला होता, रीतसर तक्रार नोंदवा. तीही ज्याची अडचण आहे त्यानंच, स्वतःच्या मोबाईलवरून, एजन्सीच्या वेबसाइटवर.

बिराजदार सरांचा मोबाईल बोलतो. त्यामुळं नाव, शाळा, अडचण सगळं त्यांनी स्वतः भरलं. "मला दिसत नाही, मराठी वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर बसवायचं आहे, परवानगी द्यावी." इतकं सरळ. शेवटी पाठवायच्या बटणाजवळ एक चित्र आलं. त्यात वेडीवाकडी अक्षरं. ती ओळखून लिहा आणि तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा!

"मॅडम, काय लिव्हलंय हो यात?" सरांनी मोबाईल माझ्याकडं केला. मी वाचून दाखवलं, त्यांनी भरलं, तक्रार गेली.

दुसऱ्याच दिवशी तक्रार बंद झाल्याचा मेसेज आला. मी एजन्सीला फोन केला. एक मुलगी अगदी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, अडचण सुटलेली दिसतेय."

"सुटली? कशी काय सुटली?"

"त्यांना दिसत नाही अशी तक्रार होती ना? पण चित्रातली अक्षरं त्यांनी बरोबर ओळखलीत की!"

*

या दिवसांत मराठीची तऱ्हा फक्त बिराजदार सरांपुरती नव्हती. आमचा जुना मराठी फॉन्ट टाकायलाही ॲडमिनिस्ट्रेटर लागायचा. आमचे पर्यवेक्षक मोरे सर म्हणजे शाळेचे टाइप करणारे हात. त्यांनी पालक सभेची नोटीस जुन्या फाइलमधून काढली, छापली, आणि हेडसरांच्या सहीशिक्क्यानिशी फळ्यावर लावली. नोटिशीत अक्षर एक नाही, नुसते चौकोन! वरपासून खालपर्यंत चौकोन, आणि खाली हेडसरांची झोकदार सही.

दोन दिवस ती नोटीस तशीच होती. आमच्या सगळ्या स्टाफनं त्याखाली वाचल्याच्या सह्या केल्या. हो, मीसुद्धा!

शेवटी एक पालक आले. बराच वेळ नोटिशीसमोर उभे राहिले आणि मोरे सरांना म्हणाले, "सर, ह्यात काय लिव्हलंय?"

मोरे सर मानही वर न करता म्हणाले, "तुमचं पोरगं धाव्वीला हाय ना? त्यालाच वाचाय सांगा. इतकंबी येत न्हाय व्हय त्याला?"

*

इथपर्यंत हसण्यासारखं होतं. पुढचा किस्सा सांगताना मला अजूनही हसू येत नाही.

घटक चाचणी आली. बिराजदार सरांचा कॉम्प्युटर मुका तो मुकाच. मी म्हटलं, माझा लॅपटॉप आणते, त्यावर आवाज बसवू. हेडसर म्हणाले, "पेपर शाळंबाहेरच्या मशीनवर करायचा न्हाय. गोपनीयता हाय." सर म्हणाले, मोबाईलवर काढतो. "मोबाईलवर तर बिल्कुल न्हाय!" मग गोपनीयता राखायला हेडसरांनी काय उपाय काढावा? तर बिराजदार सरांनी पेपर तोंडी सांगायचा आणि मोरे सरांनी तो टाइप करायचा! चार भिंतींत एकाचं गुपित दुसऱ्याला मोठ्यानं सांगायचं, ही आमची गोपनीयता.

सरांनी सांगितला. मोरे सरांनी टाइप केला.

चाचणीच्या दिवशी बिराजदार सर नेहमीप्रमाणं वर्गात गेले. पोरांना म्हणाले, "तिसऱ्या प्रश्नाला घाबरू नका. त्येचं उत्तर पुस्तकात न्हाय. निजामाच्या काळात तुमी मुरूमच्या बाजारातले व्यापारी असता तर त्या कराबद्दल काय म्हणला असता, त्ये आपल्या मनानं लिव्हा."

एक पोरगी उठून म्हणाली, "सर, तिसऱ्यात गाळलेल्या जागा हायेत."

सर काठी टेकत सरळ स्टाफरूममध्ये आले. मोरे सर चहा पीत होते, आणि त्यांना यात वावगं काही वाटतच नव्हतं!

"सर, तुमच्या त्या प्रश्नाचं उत्तर गाईडमध्ये न्हाय," मोरे सर समजावणीच्या सुरात म्हणाले. "म्या पोरांच्या भल्यासाठीच बदललं. पोरं काय लिव्हणार हुती?"

"त्येच तर बगायचं हुतं," बिराजदार सर म्हणाले.

माझं डोकं असं फिरलं की मी हेडसरांच्या केबिनमध्ये जाऊन टेबलावर हात आपटला. मागून बिराजदार सर आले. त्यांनी मात्र हात आपटला नाही. म्हणाले, "सर, सहामाहीचा पेपर म्या माज्या हातानं काढीन. तसं जमलं न्हाय तर काढणार न्हाय."

हेडसरांनी क्षणभरही विचार केला नाही. "मग न्हाय काढला तर चालंल की! इतक्या तापाची गरज काय? न्हाय जमलं तर इथून फुडं इतिहासाचा पेपर कायमचा मोरे सर काढतील. तुमी आपलं निवांत शिकवा."

निवांत! माणसाच्या हातून त्याचं काम काढून घ्यायचं आणि वर त्याला निवांत राहा म्हणायचं! त्या दिवशी सर घरी जाताना मी त्यांच्याबरोबर बस स्टँडपर्यंत गेले. नेहमी बाजारातल्या प्रत्येक दुकानाची माहिती देत चालणारा माणूस, नुसती काठी आपटत चालला.

*

आणि याच आठवड्यात आमच्या लॅबचं कौतुक करायला पाहुणे आले.

संस्थेचे कुणी हितचिंतक होते. हेडसरांना कल्पना सुचली. "बिराजदार सरांना कॉम्प्युटरवर बसवा, कानाला हेडफोन लावा. दृष्टी न्हाय तरी नव्या तंत्रावर काम! फोटो झकास येईल."

मी म्हटलं, "सर, त्यांचं मशीन मराठी बोलत नाही. ते तिथं बसून करणार काय?"

"फोटोत कुठं आवाज येतो, मॅडम?"

आणि बिराजदार सर बसले! मला वाटलं होतं ते उठून जातील. पण ते ताठ बसले, कानाला हेडफोन, समोर माझ्या भूगोलाची मराठी फाइल उघडी. पाहुणे आले, कौतुकानं वाकले, आणि फोटोवाला म्हणाला, "हं, असंच!"

पाहुण्यांना राहवेना. त्यांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्यानं विचारलं, "वा, वा! काय ऐकताय सर?"

"पंखा," बिराजदार सर म्हणाले.

*

आता शेवटचा.

तो फोटो हेडसरांना मोठा करून केबिनमध्ये लावायचा होता. त्यासाठी रंगीत प्रिंटर आणला. आणि प्रिंटर जोडायलाही त्या मशीननं ॲडमिनिस्ट्रेटर मागितला! बिराजदार सरांच्या आवाजासाठी आम्ही नुसते फोन करत राहिलो, विनवण्या केल्या, तक्रारी लिहिल्या, आमच्याकडं कुणी ढुंकून बघितलं नाही. हेडसरांच्या फोटोसाठी इंजिनिअर दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं हजर! सांगा, माणसानं चिडायचं नाही तर काय करायचं?

पण मी म्हटलं, असो. ह्या निमित्तानं का होईना, शाळेला स्वतःचा ॲडमिनिस्ट्रेटर मिळतोय. इंजिनिअर म्हणाला, "एक ॲडमिन अकाउंट देतो. पासवर्ड कुणाकडं ठेवायचा ते ठरवा."

मी इन्चार्ज, तेव्हा मी पुढं झाले. हेडसरांनी हातानं थांबवलं. "तसं न्हाय चालणार. ह्याला पेपरच्या कपाटाचा नियम लावायचा."

हा नियम सांगते. आमच्या शाळेत प्रश्नपत्रिकांच्या कपाटाला दोन कुलपं आहेत. एकाची किल्ली हेडसरांकडं, दुसऱ्याची मोरे सरांकडं. दोघं हजर असल्याशिवाय कपाट उघडत नाही, आणि बंद करताना प्रत्येकानं आपलं कुलूप आपल्या हातानं लावून मगच उठायचं. चांगला नियम आहे, कपाटासाठी! हेडसरांनी तोच पासवर्डला लावला. पहिला निम्मा हेडसरांचा, दुसरा निम्मा मोरे सरांचा. एकाचा दुसऱ्याला कळायचा नाही. दोघांत ज्येष्ठतेवरून जुना वाद आहे, एकमेकांवर काडीचा विश्वास नाही, त्यामुळं दोघांनाही हे लगेच पटलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं!

इंजिनिअर बिचारा म्हणाला, "मधे काही दाबू नका, नुसती अक्षरं टाका. पुढचं मी करतो." तसं झालं आणि अकाउंट तयार झालं. हेडसरांच्या प्रिंटरचं काम त्यानं तिथल्या तिथं केलं आणि दुपारची एसटी पकडली. बिराजदार सरांच्या आवाजाचं मी म्हणेपर्यंत तो फाटकाबाहेर!

"काय घाई हाय? आता पासवर्ड आपल्याकडंच हाय," हेडसर म्हणाले. "शुक्रवारी बसवू."

शनिवारी सहामाहीचे पेपर जमा करायचे होते. म्हणजे शुक्रवार हा शेवटचा दिवस. आवाज बसला तर पेपर बिराजदार सरांचा, नाही बसला तर मोरे सरांचा, आणि तोही कायमचा. मोरे सरांनी तर गाईड आणून ठेवलंच होतं.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर आम्ही चौघं लॅबमध्ये जमलो. मी फाइलवर क्लिक केलं, पासवर्डची चौकट आली.

"मॅडम, तुमी तिकडं भिंतीकडं तोंड करा," हेडसर म्हणाले.

मी इन्चार्ज! तरी गेले दाराजवळच्या भिंतीकडं. शिक्षा झालेल्या पोरीसारखी उभी राहिले. मग हेडसर मोरे सरांना म्हणाले, "तुमीबी." मोरे सर आले माझ्या शेजारी. बिराजदार सर मशीनच्या बाजूच्या खुर्चीवर बसले होते, तेही उठायला लागले.

"तुमी बसा, सर," हेडसर म्हणाले. "तुमाला कुठं दिसतंय!"

सर बसले.

हेडसरांना एका बोटानं टाइप करायची सवय, आणि अक्षर ओठांनी म्हटल्याशिवाय त्यांचं बोट खाली येत नाही. मला भिंतीजवळ नुसती पुटपुट ऐकू येत होती, शब्द कळत नव्हते. मग एकदम खाडकन एंटरचा आवाज! हेडसर उठले, मोरे सर बसले, हेडसर माझ्या शेजारी भिंतीकडं. मोरे सर म्हणजे शाळेतले टाइपिस्ट, पण हा पासवर्ड कायमचा लक्षात राहायला हवा म्हणून तेही एकेक अक्षर मंत्रासारखं म्हणत टाकत होते. शेवटी एंटर.

"पासवर्ड चुकला म्हणतंय," मोरे सर म्हणाले.

पुन्हा तीच कवायत. पुन्हा पुटपुट, खाडकन एंटर, अदलाबदल, पुटपुट. पुन्हा चूक!

मला राहवेना. भिंतीकडं बघतच म्हटलं, "हेडसर, तुम्ही निम्म्यावर एंटर मारू नका! एंटर मारलं की मशीन तेवढाच पासवर्ड धरतं. मोरे सरांचं झाल्यावर एकदाच मारायचं."

"वा!" हेडसर म्हणाले. "म्हंजे माजा निम्मा मी तसाच उघडा टाकून उठू? आन् ह्ये येऊन बसणार त्याच्याम्होरं? आपलं कुलूप आपण लावूनच उठायचं, असा नियम हाय!"

"सर, स्क्रीनवर नुसते ठिपके दिसतात हो!"

"ठिपके मोजता येत्यात," हेडसर म्हणाले.

"मला काय करायचेत तुमचे ठिपके?" मोरे सर भडकले. "चूक तुमच्याच निम्म्यात आसंल!"

"माज्या निम्म्यात चूक? पगारपत्रकात आजवर कानामात्रा चुकला न्हाय माजा!"

तिसऱ्यांदा झालं. चौथ्यांदा झालं. दर वेळी हेडसर एंटर मारूनच उठले. मग ज्येष्ठतेचा वाद निघाला, मग कुणाची नेमणूक आधी झाली ते निघालं, मग कुणाच्या लग्नात कुणाला मान दिला नाही तेही निघालं. शेवटी हेडसर म्हणाले, "जाऊ द्या! न्हाय व्हायचं ह्ये काम. उद्या मोरे सरांचाच पेपर घेऊ." आणि एक एका दारानं, दुसरा दुसऱ्या दारानं निघून गेला.

मी वळले. बिराजदार सर तसेच बसले होते, हात मांडीवर. मला त्यांच्याकडं बघवेना. एका एंटरसाठी! एका माणसानं एक बटण दाबायचं थांबवलं नाही म्हणून दुसऱ्याचा पेपर गेला!

"चला सर," मी म्हटलं. "तुमची बस जाईल."

"तुमी व्हा फुडं, मॅडम. म्या मागच्या बसनं जाईन. जरा बसतो."

त्यांना एकटं बसायचं असेल, असं मला वाटलं. दार लोटून घ्या म्हणाले, मी लोटून घेतलं आणि घरी गेले. नवऱ्यावर उगीच ओरडले.

शनिवारी सकाळी हेडसरांच्या केबिनमध्ये पेपर जमा करायला आम्ही सगळे उभे. मोरे सर काखेत इतिहासाचं गाईड आणि हातात पाकीट घेऊन आलेले. एवढ्यात बिराजदार सर आले. त्यांनी चाचपून टेबलाची कड शोधली आणि त्यावर एक पाकीट ठेवलं. चिकटवलेलं, त्यावर आडवी सही.

"ह्ये काय?" हेडसरांनी विचारलं.

"सहामाहीचा पेपर. इतिहास."

"कुणी टाइप केला?"

"म्या."

"कशावर?"

"शाळंतल्याच मशीनवर. भाईर कुठं केला न्हाय."

"मशीनला मराठी आवाज कुणी बसवला?"

"म्याच."

हेडसर माझ्याकडं बघायला लागले. मी दोन्ही हात वर केले.

"मॅडमकडं बगू नका," बिराजदार सर म्हणाले. "त्या भिंतीकडं तोंड करून हुत्या."

मोरे सर पाकीट खाली ठेवून पुढं आले. हेडसर खुर्चीतून अर्धे उठले. "मग पासवर्ड कुणी दिला तुमाला?"

"निम्मा तुमी," बिराजदार सर म्हणाले, "आन् निम्मा मोरे सरांनी."